हेडचा शेप, स्क्विश, ट्रिपल स्पार्क: सगळं मार्केटिंग?

घाटवाला: हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) शेप, स्क्विश (पिस्टन वर आला की कडेचं मिश्रण मधे दाबणं), तीन स्पार्क प्लग हे सगळं ब्रोशर भरायला असतं. पॉवर येते सीसी आणि कॉम्प्रेशनमधून (मिश्रण किती पट दाबलं जातं त्यातून). पल्सर २००एनएसला तीन प्लग, ड्यूक २००ला एकच, तरी ड्यूकच पुढे. विषय संपला.

लेथवाला: असा कसा संपला? अर्धं सांगून तुलना करू नकोस. ड्यूकला डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे दोन) आणि फ्युएल इंजेक्शन, तेव्हाच्या एनएसला सिंगल कॅम आणि कार्ब्युरेटर, म्हणून २५ विरुद्ध २३.५ पीएस पॉवर, त्यात प्लगचा काय दोष? नॉकिंग (इंजिनाची खडखड) होतं कुठे ते बघ आधी. प्लगपासून लांबच्या कोपऱ्यात जो चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) शेवटी उरतो तो दाबाने तापत जातो आणि जाळ पोचायच्या आत आपोआप पेटतो. जाळाचं अंतर कमी कर (म्हणून तीन प्लग), चार्ज नीट घुसळ (म्हणून स्क्विश), की तो पेटायच्या आधी जाळ तिथे पोचतो. मग कुठे ११ चं कॉम्प्रेशन साध्या पेट्रोलवर झेपतं. हॅरी रिकार्डो या इंग्लिश इंजिनियरने पहिल्या महायुद्धानंतर साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनात हेच केलं, हेड पिस्टनच्या अगदी जवळ आणलं आणि उरलेली जागा व्हॉल्व्हवर ठेवली.

घाटवाला: पुस्तकं नको सांगू. कॉम्प्रेशन वाढवायला माझ्या जुन्या १५०चं हेड घासून घेतलं, आंबा घाटात खडखड सुरू. मेकॅनिकने हेडखाली एकाऐवजी दोन गॅसकेट टाकून कॉम्प्रेशन उतरवलं तरी थोडी राहिलीच.

लेथवाला: राहणारच! दोन गॅसकेट टाकल्यावर पिस्टन आणि हेडमधली फट वाढली, कडेचा चार्ज मधे ढकलला जाईना. कॉम्प्रेशन उतरलं आणि स्क्विशही गेला. एक मिलीमीटरच्या आसपासचा खेळ असतो तो.

मायलेजप्रेमी: ते सगळं राहू द्या, ई२०वर (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) बोला की. मायलेज पडलं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतायत, नॉकिंग पण त्यानेच.

लेथवाला: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखायची ताकद) पेट्रोलपेक्षा जास्त, नॉकिंग कमीच होणार. मायलेजचं खरं आहे, नुसत्या इथेनॉलमधे लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी.

मायलेजप्रेमी: मग त्या ऑक्टेनचा मला उपयोग काय? पैसे तर पूर्ण लिटरचे घेतात!

लेथवाला: जुन्या गाडीला जवळजवळ शून्य. कॉम्प्रेशन वाढवलं किंवा स्पार्कचं टायमिंग पुढे घेतलं तरच फायदा, आणि ते तुझ्या गाडीत कोणी केलेलं नाही. तुझा राग बरोबर आहे, धागा चुकला.

मायलेजप्रेमी: धागा तुमच्या बापाचा आहे का?

घाटवाला: बाप काढू नका रे. लेथवाल्या, स्क्विशचं एक वेळ धरतो. पण तीन प्लग बदलायचा खर्च कोण देणार? त्यातला एक काढायला तर अर्धी गाडी उघडावी लागते.

लेथवाला: ते मान्य, सर्व्हिसला त्रासच आहे. पण तू आधी पिस्टनवरचा कार्बन खरवडून घे, एकच मूळ जाडीचं गॅसकेट टाक, कॉम्प्रेशन मोजून घे. मग टॉप गियरला घाट चढव आणि इथे लिही.