आईने गोडीच्या गोळ्या केरात टाकल्या, तिला काय सांगू?

सावली:
आईला मधुमेह आहे. गोळ्यांमधल्या ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याने कर्करोग होतो अशी बातमी तिने वाचली आणि गोळ्यांची डबी केरात टाकली. आता म्हणते, "त्या विषापेक्षा साखर बरी." बातमीत जागतिक आरोग्य संघटनेचं नाव आहे, त्यामुळे माझं काही चालत नाही. बातमी खोटी आहे का?

खिळेजुळारी:
खोटी नाही, अर्धी आहे. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या आरोग्य पानावर उपसंपादक होतो, बातमी अर्धी कशी होते ते जवळून पाहिलंय. 14 जुलै 2023 ला दोन निष्कर्ष एकत्र जाहीर झाले. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, ॲस्पार्टेमला '2बी' गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाशी संबंध असू शकतो, पण पुरावा तोकडा आहे. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात बसलाय! किती खाल्लं तर चालेल हे जेईसीएफए ही अन्नातल्या मिश्रणांची तज्ज्ञ समिती बघते. तिने जुनीच मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम. आईंचं वजन 60 किलो असेल तर 2400 मिलिग्रॅम. एका गोळीत किती असतं ते नव्या डबीवर वाचा आणि भागाकार करा.

पहिला निष्कर्ष जूनच्या अखेरीसच फुटला होता. दोन आठवडे लोकांपुढे तेवढाच होता. त्यानंतर 'मर्यादा तीच' ही बातमी पहिल्या पानावर कोण घेणार? मीही घेतली नसती. आणि मथळ्यात जागा कमी पडली की 'कदाचित'चा बळी सगळ्यात आधी.

धूमकेतू:
काका, सगळं खापर वर्तमानपत्रांवर कशाला? ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांच्या 462 प्रेसनोट तपासणारा अभ्यास 2014 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. 40 टक्के प्रेसनोटमधला सल्ला मूळ शोधनिबंधापेक्षा फुगवलेला निघाला.

खिळेजुळारी:
मान्य. पण मूळ निबंध उघडून बघणं हे आमचं काम ना? जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम तकलादू प्रयोग केला: माणसं पंधराच, मोजमापं अठरा. एवढं मोजलं की काहीतरी योगायोगाने जुळतंच. चॉकलेटने वजन लवकर उतरतं, असा निष्कर्ष 2015 मध्ये देशोदेशी छापून आला. माणसं किती होती, एवढं विचारलं असतं तरी बिंग फुटलं असतं.

सावली:
आई म्हणते दुसरीही बातमी होती, 'गोळ्या वापरू नका' असा सरळ सल्ला देणारी.

पाणवठा:
मी आहारतज्ज्ञ आहे. ती जागतिक आरोग्य संघटनेची मे 2023 ची शिफारस असणार: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असले पदार्थ वापरू नका. पण आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, हे त्या शिफारशीतच लिहिलंय. बातमीत ते वाक्य गळलं असेल. आईंशी वाद नंतर घाला. साखर पुन्हा सुरू झाल्याचं त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा, औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.