सगळ्यांनी वाचायलाच हवं, हे आलं कुठून?

पहिलीच्या बाई:
मी पहिलीला शिकवते. प्रत्येक मुलाला वाचता आलंच पाहिजे, हे आज कुणाला पटवावं लागत नाही. माझं ठाम मत आहे की हा आग्रह प्रॉटेस्टंटांचा, म्हणजे पोपची सत्ता नाकारून कॅथलिक चर्चमधून फुटलेल्या ख्रिस्ती पंथांचा. बायबल ज्याचं त्यानं वाचायचं म्हटल्यावर शेतकरी, मोलकरीण, सगळ्यांनाच अक्षरओळख हवी. १५२४ मध्ये ही फूट सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनं जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना शाळा काढा म्हणून बजावलं आणि मुलींसाठीही दिवसाला एक तास मागितला. बालशिक्षणातली चित्रंही तिथलीच. कोमेनियस हा ब्रदरन या प्रॉटेस्टंट पंथाचा बिशप. त्याच्या १६५८ च्या चित्रपुस्तकात मुळाक्षरांशेजारी कावळा आ-आ ओरडतो, कोकरू बे-बे करतं. मी वर्गात रोज हेच करते.

जुनी दप्तरं:
वाचायला लावलं, पण कशासाठी? प्रॉटेस्टंट स्वीडन बघा. १६८६ च्या चर्च-कायद्यानं वाचन सगळ्यांवर बंधनकारक झालं. पाद्री वाडीवर यायचा. घरधनी, बायको, पोरं, गडी-माणसं एका खोलीत जमायची. तो एकेकाकडून वाचून घ्यायचा, धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी म्हणवून घ्यायचा आणि वहीत नावापुढे शेरा मारायचा. प्रश्नोत्तरी येत नसेल तर लग्न अडायचं. लिहायला मात्र बहुतेकांना कुणी शिकवलंच नाही, गावोगाव शाळा आल्या त्या १८४२ च्या कायद्यानंतर. ज्याला फक्त वाचायला शिकवता, त्यानं ऐकावं एवढंच तुम्हाला हवं असतं. घोकंपट्टीचा वारसाही मग तिथलाच म्हणा.

वसईकर:
मी कॅथलिक, म्हणून हे मला लागतं. गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा आमच्या जोसेफ कालासान्झ या पाद्र्यांनी १५९७ मध्ये रोममध्ये काढली. पायरीपायरीनं चढणारे वर्ग जेझुइट या कॅथलिक संघानं १५९९ च्या अभ्यासक्रमात नेमके आखून दिले. आणि अँड्र्यू बेल हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा पाद्री वाळूत अक्षरं गिरवायची रीत मद्रासकडच्या देशी शाळांत पाहून शिकला. सगळं श्रेय एकाच घरात कसं टाकता?

नगरकर:
आमच्या नगरचं सांगतो. अमेरिकन मिशनच्या मिस फरार इथे मुलींच्या शाळा चालवत. जोतिरावांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. ते स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे मी झाकत नाही. पण ज्या मुलींना कुणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, त्यांच्या हातात पाटी तिथे आली.

जुनी दप्तरं:
पाटी मिशनची, मान्य. पण फुले ख्रिस्ती झाले नाहीत आणि शूद्रातिशूद्रांना प्रश्न विचारायचं बळ त्यांनी स्वतः दिलं. ते लूथरच्या खात्यावर मांडू नका.

पहिलीच्या बाई:
ते मांडणार नाही. वसईकर, रोमच्या शाळेचं मला ठाऊक नव्हतं, पटलं. तरी एक धरूनच ठेवते. फुकट शाळा काढणं ही दया झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी, १६४७ मध्ये ५० घरांच्या गावावर शिक्षक नेमायची सक्ती केली, ते गावाचं देणं झालं. माझा पगार त्या देण्यातून येतो. लिहिण्याबद्दलचं मात्र मनाला लागलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं धडा घडाघडा वाचतात आणि स्वतःचं एक वाक्य लिहा म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात.