पियानो घेताना: गळ्यात मारणारे विक्रेते आणि काय तपासायचं

मंद्रा
आज पट्ट्या पुसताना दुकानातली ती घाई आठवली, म्हणून धागा काढतेय. विक्रेता वाजवून दाखवायला लागला की त्याचा उजवा पाय बघा. पेडल दाबूनच ठेवलेलं असतं. शिवाय फरशी, काचा, उंच छत. सगळं घुमतं आणि कुठलाही पियानो गोड लागतो. पेडल सोडून वाजवायला सांगा. मग आपण बसून एकेक पट्टी, सगळ्या 88, अगदी हलक्या हाताने दाबायच्या. मुकी कुठली, अडकणारी कुठली, शेजारणीपेक्षा कर्कश कुठली, हे हळू दाबल्यावरच कळतं. जोरात वाजवलं की दोष झाकले जातात. वाजवता येत नसलं तरी एवढं जमतंच. तुम्ही काय काय बघता, लिहा.

काळी_चार
"आजच शेवटचा दिवस", "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय". दोन्हीला एकच उत्तर: अनुक्रमांक लिहून द्या, माझा ट्यूनर येऊन बघेल. वरचं झाकण उघडलं की बहुतेक वेळा बिडाच्या चौकटीवर क्रमांक दिसतो, त्यावरून बनावटीचं साल काढता येतं. ट्यूनर दुकानाचा नको, आपण पैसे देऊन आणलेला हवा. जुन्या पियानोत तो किल्ली लावून खुंट्या (ज्यांना तारा गुंडाळलेल्या असतात) किती घट्ट आहेत ते बघतो. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण 18-20 टन. चौकट बिडाची असली तरी खुंट्या लाकडी ठोकळ्यात फक्त घर्षणावर उभ्या असतात. लाकूड सुकून तडकलं की खुंटी सैल होते आणि आज लावलेला सूर आठवड्यात उतरतो. ठोकळा बदलायचा तर सगळ्या तारा काढाव्या लागतात.

सुरेल_सकाळ
अगदी अगदी! पॉलिशला भुलू नका गं. कपडे वाळत घालून येते, मग लिहिते.

खर्जवाला
"ग्रँड तो ग्रँडच" म्हणत 150 सेंमी लांबीच्या आतला ग्रँड (आडवा पियानो) खपवतात. 131 सेंमी उंचीच्या अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) खर्जाच्या तारा त्याहून लांब असू शकतात. टेप न्या आणि सगळ्यात जाड तार मोजा. ग्रँडचा खरा फायदा यंत्रणेत आहे. पट्टी अर्धवट वर आली तरी स्वर पुन्हा वाजतो, ही सोय एरार या पियानो बनवणाऱ्याने 1821 मध्ये आणली. अपराइटमध्ये पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. एकच पट्टी दोन बोटांनी भराभर वाजवा, फरक हाताला कळतो.

नवखी
सगळ्यात वरच्या पट्ट्या सोडल्या तरी वाजत राहतात. विक्रेता म्हणतो असंच असतं. खरं का?

काळी_चार
@नवखी, खरं बोलला तो. वरच्या साधारण दीड सप्तकाला डँपर (पट्टी सोडली की तार थांबवणारे फेल्टचे तुकडे) नसतातच. तारा आखूड, नाद आपोआप विरतो. मधल्या सप्तकात आवाज रेंगाळला तर मात्र दोष.

पेटीवाला
थोडं विषयांतर. डिजिटल पियानोच्या काउंटरवर शेकडो आवाज आणि ताल मोजून दाखवतात, तिकडे लक्ष देऊ नका. 88 पट्ट्या, हॅमर ॲक्शन (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या), पॉलिफनी म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे स्वर 128 तरी (64 असली की पेडलवर लांब वाजवताना आधीचे स्वर गळतात) आणि अर्धं दाबलेलं पेडल ओळखतो का, एवढं बघा. आवाज पूर्ण बंद करून पट्ट्या वाजवा. जी खटखट ऐकू येते तीच रात्री खालच्या मजल्यावर जाते.

सुरेल_सकाळ
आले. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचं कुणी लिहिलं नाही. टॉर्च मारून त्यांच्यावरचं फेल्ट (दाबलेली लोकर) बघा. तारांच्या खाचा उथळ असतील तर तासून आकार देता येतो, पण तासायला फेल्ट शिल्लक हवं. कसर लागली आहे का तेही बघा. साउंडबोर्डला (आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला) चीर दिसली म्हणून पियानो लगेच बाद नाही. मागच्या फासळ्या सुटल्या असतील तर भिणभिण येते. पुलावरच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवरच्या) खिळ्यांभोवती चिरा असल्या तर सोडून द्या, तिथे सूर स्वच्छ लागतच नाही.

खर्जवाला
नाव जुनं युरोपीय असलं की भाव चढवतात. नाव कुणाचं आणि कारखाना कुठला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

मंद्रा
किती छान लिहिताय सगळे! विक्रेत्याने "महिन्याला किती झेपेल?" असं विचारलं की आधी एकूण किंमत विचारायची. आणि वाहतूक, जिना चढवणं, स्टूल, घरी आल्यावरचं पहिलं ट्यूनिंग, हमी नक्की कोण देणार, हे सगळं लेखी घ्या. अपराइट 200 ते 300 किलोचा असतो, जिन्याचं वळण मोजल्याशिवाय होकार देऊ नका. पहिलं ट्यूनिंग पोचल्या दिवशी करू नका, दोन-तीन आठवडे घरातल्या हवेत मुरू द्या. नव्या तारा ताणत राहतात, म्हणून पहिल्या वर्षी ट्यूनिंग जास्त वेळा लागतं.

नवखी
खिडकीखाली ठेवला तर चालेल का? तिथेच जागा आहे.

सुरेल_सकाळ
नको गं. ऊन आणि ओल दोन्ही लागेल. आतल्या भिंतीला लाव, आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत राहील असं बघ. छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घेऊन ठेव.

नवखी
तो पियानोवरच ठेवायचा का?

सुरेल_सकाळ
हो, वरच ठेव, पण दार आणि पंख्याच्या झोतापासून लांब.