घोळक्याला काय म्हणायचं? झीलकरी, कोंडाळं की हुजरे

प्रश्न : एकट्या खुशामतखोरासाठी मराठीत शब्द रग्गड आहेत. लाळघोट्या, तोंडपुज्या, होयबा, शिवाय हिंदीतून आलेला चमचा. पण साहेबांभोवती अष्टौप्रहर घोटाळणाऱ्या अख्ख्या घोळक्याला एका शब्दात काय म्हणाल? 'चमचेमंडळ' नको, ते कुणालाही सुचतं.

– कोंडाळं. 'साहेब कोंडाळ्यातून बाहेरच पडत नाहीत.' बाहेरच्याला आत शिरू न देणं यात नेमकं येतं. कंपू वेगळा, कंपूत सगळे बरोबरीचे असू शकतात, कोंडाळ्याला मधोमध कुणीतरी लागतोच.

– माझं मत झीलकऱ्यांना. पोवाड्यात शाहिराचं कडवं संपत आलं की मागचे झीलकरी शेवटचे शब्द उचलून 'जी जी रं जी' लांबवतात, तेवढ्यात शाहीर दम खातो. नेत्याचं कालचं वाक्य आज पाच प्रवक्ते पाच वाहिन्यांवर त्याच चालीत म्हणतात, ती झीलच की! फक्त खरा झीलकरी सुरात असावा लागतो, तुणतुणं सांभाळणाराही बहुधा तोच. त्याचं नाव असं वापरताना जरा जिवावर येतं.

– तळी उचलणारे विसरलात? खंडोबाची तळी भरताना ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवतात आणि पाच जण मिळून ते 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत उचलतात. म्हणजे घोळका आलाच. हल्ली एकट्यादुकट्यालाही 'अमक्याची तळी उचलतो' म्हणतात, तेही रुळलंय.

– बाजारबुणगे चालेल का?

– नाही चालणार. बुणगे म्हणजे फौजेबरोबर फिरणारे, न लढणारे लोक. 1761च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या छावणीत दाणागोटा आटत गेला, त्यात ही खाणारी तोंडंही होतीच. पण भाऊंची खुशामत केल्याचा आळ त्यांच्यावर कशाला? बिनकामाची गर्दी म्हणायची तर बुणगे किंवा खोगीरभरती म्हणा. त्यापेक्षा हुजरे बरा. हुजूर म्हणजे समक्ष असणं. धन्यासमोर सतत हजर तो हुजऱ्या. गंमत अशी की खुद्द छत्रपती-पेशव्यांच्या खाशा फौजेला हुजुरात म्हणत, तेही याच हुजूरवरून. ते मात्र लढायचे.

– आणि आंधळे अनुयायी?

– मेंढरं, दुसरं काय. एकेकटा गाठलात तर नंदीबैल. ढोल गुबूगुबू वाजला की 'पाऊस पडेल का?' याला मान हलवतो, 'नाही ना पडणार?' यालाही हलवतो. असे दहा-बारा एकत्र दिसले तर आम्ही विदर्भातले म्हणू, पोळा भरलाय.