हायवेला एसी गार, द्वारका चौकात अडकलो की नुसता वारा. कंप्रेसर बदलायला सांगतायत, मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, साधा नॉबवाला एसी. रोजचं इंदिरानगर ते सातपूर आणि सुट्टीला पिंपळगाव बसवंतला शेतावर, एवढंच तिचं फिरणं.

तक्रार अशी, की पिंपळगावच्या हायवेला लागलं की बायको थोड्याच वेळात ब्लोअर दोनवर आणायला लावते, इतकी गार हवा. येताना पुलाखालून द्वारकेला अडकलो, की दोन सिग्नल होईपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. ब्लोअर चारवर जोरात वाहतोय, पण हवेत दम नाही. गाडी हलली की परत हळूहळू गार होते. सकाळी लवकर निघालो तर सिग्नललाही काही त्रास नाही. हे सगळं दुपारी, पारा ३८ च्या पुढे गेला की.

आतापर्यंत काय पाहिलं ते सांगतो. केबिन फिल्टर नवा टाकला (जुन्यात निंबाचा पाला आणि धूळ, विचारू नका). रिसर्क्युलेशन चालू असतं. कंप्रेसरचा (एसीचा गॅस दाबणारा पंप) क्लच टक् करून बसतो. इंजिनच्या तापमानाचा काटा कितीही ट्रॅफिक असलं तरी मधेच. गेल्या उन्हाळ्यात गारवा कमी वाटला म्हणून एका गॅरेजमध्ये गॅस भरला होता. आतला न काढता, व्हॅक्यूम न करता, होता त्यावरच अंदाजाने भरला.

यंदा दुसरीकडे नेली. त्यांनी भर दुपारी, गाडी उभी आणि आयडलवर (रेस न देता इंजिन चालू) असताना गेज लावलं. लो साइड (कंप्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा दाब) ५५, हाय साइड (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) ३०० च्या थोडं वर (पीएसआय). मी आकडे एस्टिमेटच्या मागे लिहून घेतले. निदान: कंप्रेसर वीक, बदला. आकडा ऐकून गाडी घेऊन परत आलो. तिसरे म्हणतात आधी गॅस भरून बघू. एवढा खर्च करण्याआधी घरी काय तपासता येईल? आणि या दोन आकड्यांवरून कंप्रेसर गेला असं खरंच ठरतं का?

मिसळ_विथ_पापड: गॅसच कमी असणार भाऊ. माझ्याही गाडीला सेम होतं, भरल्यावर एकदम कुल्फी.

स्पॅनर: थांबा, गॅस अजिबात भरू नका. धागाकर्त्यांनी आकडे लिहून आणलेत म्हणून यावर बोलता तरी येतंय, नाहीतर इथे सगळे हवेतच गोळ्या मारतात.

गॅस कमी असता तर दोन्ही बाजू खाली दिसल्या असत्या. कंप्रेसर आतून झिजला असता तर लो साइड वर आणि हाय साइड खाली दिसली असती, कारण त्याला दाबच तयार करता आला नसता. तुमचा कंप्रेसर ३०० वर नेतोय! म्हणजे गडी काम करतोय, त्याचं ओझं पुढे कोणी उतरवून घेत नाहीये.

एसीतला आर-१३४ए गॅस ३०० पीएसआयला साधारण ७० अंशांवर द्रव होतो. ३८-४० च्या दुपारी कंडेन्सरवर (पुढच्या जाळीमागे असतो, गॅसची उष्णता बाहेर टाकतो) नीट वारा असेल तर हाय साइड २०० ते २५० च्या दरम्यान राहायला हवी. आता लो साइड बघा. ५५ ला आतली, हवा गार करणारी कॉइल १४-१५ अंशांवर असते, मग व्हेंटमधून त्याहून गार हवा येणार कुठून? ३० च्या आसपास लो साइड असली की कॉइल शून्याच्या जरा वर असते, तेव्हा खरा गारवा. हायवेवर वारा आपोआप मिळतो म्हणून तिथे सगळं छान चालतं. संशयित तीन: कंडेन्सर तुंबलेला, रेडिएटरचा पंखा आळशी, किंवा गेल्या वर्षी जास्त झालेला गॅस.

घरी करायचं ते असं. दुपारी गाडी उभी करून एसी फुल, मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खुपसा. हवा बिघडली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बागेच्या पाइपने पाण्याचा हलका फवारा मारा आणि आकडा बघा. ते झालं की पाणी न मारता दोनेक मिनिटं इंजिन २००० आरपीएमवर धरा. कंप्रेसर दमलेला असेल तर रेस केल्यावर गारवा वाढतो. वाऱ्याचा प्रॉब्लेम असेल तर वाढत नाही, उलट बिघडतो, कारण पंखा इलेक्ट्रिक आहे, तो रेसला दाद देत नाही.

गंगापूररोडकर: पाणी मारल्यावर कुठलाही एसी गार होणारच की राव. यात काय सिद्ध झालं?

स्पॅनर: मुद्दा बरोबर. चांगल्या एसीला अंशा-दोन अंशांचा फरक पडतो. धो धो फरक पडला तरच संशय घ्यायचा, आणि म्हणून रेसची टेस्ट सोबत सांगितली. गॅस जास्त असला तरी पाण्याने फरक पडेल, त्यामुळे तो संशयित एवढ्याने सुटत नाही. तो शेवटी वजनावरच कळतो.

धागाकर्ता: आज केलं. आयडलवर व्हेंटला २० अंश. फवारा मारला आणि बघता बघता १२! पाणी थांबवलं की परत चढला. २००० वर धरलं तर गारवा वाढला नाहीच, एक अंश वरच गेला.

मग टॉर्च घेऊन जाळीत डोकं घातलं. कंडेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागावर मातीचा थर आणि त्यात चिकटलेली कांद्याची टरफलं. पिंपळगावच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे मागे फिरल्याचा प्रसाद. आणखी एक, एसी लावल्यावर पंखा लगेच फिरत नाही. बऱ्याच वेळाने एकदम विमानासारखा सुटतो, मग बंद.

स्पॅनर: सापडलं बहुतेक. अनेक गाड्यांत पंख्याला दोन स्पीड असतात. एसी लागला की स्लो, इंजिन तापलं की फास्ट. स्लो स्पीडचा रेझिस्टर (पंख्याची वीज कमी करणारा भाग) जळला की पंखा थेट फास्टलाच उठतो. म्हणून तुमचा इंजिनचा काटा शहाण्यासारखा मधे आणि एसी मात्र उपाशी. रेझिस्टर बहुधा पंख्याच्या चौकटीवरच असतो. आधी फ्यूज, रिले आणि कनेक्टर बघून घ्या, कनेक्टर वितळलेला असला तर नुसता रेझिस्टर बदलून पुन्हा तेच होईल. कंडेन्सर साध्या पाइपनेच धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पात्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा अडतो. शक्य असेल तर आतून बाहेर पाणी मारा.

मिसळ_विथ_पापड: गॅसचं मी बोललो ते मागे घेतो 😄

धागाकर्ता: रेझिस्टरच होता, कनेक्टर ठीक निघाला. कंडेन्सर धुताना वाफ्यात मारावा इतका चिखल निघाला. आता एसी लावला की पंखा लगेच हळू फिरतो. दुपारी पुन्हा गेज लावून घेतलं: आयडलवर लो ४२, हाय २६५. व्हेंटला १३. द्वारकेला बसवतं आता, पण मला अजून गार हवंय.

स्पॅनर: २६५ अजून थोडं जास्तच आहे. आता अंदाजाने भरलेल्या गॅसचा हिशोब करा. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. मशीनने सगळा गॅस काढून घ्यायचा (हवेत सोडू देऊ नका), किती निघाला ते वजन विचारायचं, निदान अर्धा तास व्हॅक्यूम, व्हॅक्यूम टिकतोय का ते बघायचं, मग स्टिकरवरच्या ग्रॅमइतकाच भरायचा. निघालेलं वजन स्टिकरपेक्षा जास्त असेल तर तिसरा संशयितही सापडला. गेल्या वर्षी व्हॅक्यूमशिवाय भरलाय म्हणजे नळीतली थोडी हवाही आत गेली असेल, तीसुद्धा हाय साइड चढवते आणि व्हॅक्यूमनेच निघते.

धागाकर्ता: स्टिकर मिळाला, अर्धा पुसलाय पण ग्रॅम वाचता येतात. मुंबई नाका ते अंबड या पट्ट्यात वजनावर गॅस भरणारं मशीन असलेलं, आणि गाडीजवळ उभं राहू देणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी नेतो.