मदत हवी आहे: मेलेली कोळीण टाचणीवर लावून जपायची आहे, पोट आक्रसू नये म्हणून काय करू?

खिडकीकाठ

नमस्कार. जाणकारांनी मार्गदर्शन करावं, आणि जमल्यास लवकर, कारण कोळीण सध्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवली आहे.

आमच्या खिडकीबाहेरच्या झुडपात अडीच महिने एक मोठी मादी राहत होती. पोटावर पिवळे, पांढरे, काळे आडवे पट्टे. जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसायची, आठही पाय दोन-दोन जुळवून, अगदी फुली काढावी तसे. जाळ्यात जाड पांढरी नागमोडी नक्षी. ज्याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात तीच ही, शास्त्रीय नाव आर्जिओपे. माझा ९ वर्षांचा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी तिच्याकडे जायचा. त्याच्या वहीत तिची चाळीसेक चित्रं आहेत. तीन आठवड्यांपूर्वी तिने अंड्यांची पिशवी बांधली. त्यानंतर जाळं दिवसेंदिवस लहान आणि विरळ होत गेलं आणि परवा सकाळी ती खाली पानावर पडलेली दिसली. मुलगा म्हणाला, "आई, हिला ठेवूया ना, जशी बसायची तशीच."

गेल्या वर्षी घरातल्या एका मेलेल्या कोळ्यावर मी हा प्रयोग करून पाहिला होता. टाचणी पोटातून घातली. आतून पाणी आलं, चार दिवसांत पोट हवा गेलेल्या फुग्यासारखं झालं, पाय अंगाखाली गोळा झाले आणि वास सुटला. शेवटी टाकून द्यावा लागला. तेव्हा पोराचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणून या वेळी विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

टाचणी नेमकी कुठून घालायची? पाय फुलीसारखे परत उघडता येतील का? पोट फुगीर आणि पिवळे पट्टे पिवळे राहतील का? आणि हे सगळं घरच्या घरी, मुलाला सोबत घेऊन करण्यासारखं आहे का?

नमुनापेटी

ताई, फ्रिजमध्ये ठेवलीत हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत. कोळ्याचं पोट म्हणजे जवळजवळ सगळं पचनाचं आणि अंड्यांचं मऊ इंद्रिय, वरून पातळ कातडी. कुजणं तिथूनच सुरू होतं. थंडीत दोन-चार दिवस मिळतात, जास्त नाही. या आठवड्यातच काम उरका.

मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात नमुने सांभाळते, त्यामुळे थोडं स्पष्ट सांगते. भुंगेरा किंवा फुलपाखरू टाचणीवर सुकवता येतं, कारण त्याचं कवच सुकल्यावरही आकार धरून राहतं. कोळ्याचं डोकं-छातीचं कवच कडक असतं, पोटाचं नसतं. आतलं पाणी उडालं की कातडी आत ओढली जाते. गेल्या वर्षी तुमच्या हातून काही विशेष चुकलं असं नाही. पोटातून टाचणी घातली नसती तरी ते आक्रसलंच असतं, फक्त सावकाश. म्हणूनच संग्रहालयांत कोळी टाचणीवर नसतात, ७० ते ८० टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेले असतात. दुसरंही कारण आहे. जात ओळखायला मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची कडक पट्टी भिंगाखाली पाहावी लागते. सुकून सुरकुतलेल्या नमुन्यात ती नीट दिसत नाही.

माझं मत विचाराल तर टाचणी विसरा, बाटली घ्या.

आणि आधी एक गोष्ट करा. आत्ता, आजच, चांगल्या उजेडात तिचे वरून, खालून, बाजूने फोटो काढा. रंगाची खरी आठवण तेवढीच उरणार आहे.

कीटकवेडा

नमुनापेटींच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण टाचणीचा रस्ता अगदीच बंद नाही, म्हणून लिहितो. गेली काही वर्षं टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, सुकवतो आहे.

टाचणी कधीही पोटातून नाही. डोकं-छातीच्या भागातून, मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडून, म्हणजे डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते. कपडे शिवायची टाचणी जाड पडते आणि गंजते. कीटकांसाठी स्टेनलेस स्टीलच्या बारीक टाचण्या मिळतात, साधारण ३८ मिलिमीटर लांबीच्या. तुमच्या कोळिणीला २ नंबर पुरेल. पायांत मात्र टाचणी घालायचीच नाही. दोन टाचण्या तिरक्या रोवून मध्ये पाय अडकवायचा, कात्रीत धरल्यासारखा. प्रत्येक पायाला अशा तीन-चार जागा.

टॅरंटुलाचं पोट खालून चिरून आतलं सगळं काढतो, अल्कोहोलने पुसतो आणि कापूस भरतो. त्याची कातडी जाड असते आणि दाट केसांत चीर लपते. तुमच्या मादीची कातडी फार पातळ आहे. कात्री लागली की पट्टे फाटतील. तिच्यावर हे करू नका.

पूर्ण कडक झालेला कोळी असेल तर आधी मऊ करावा लागतो: बंद डब्यात ओला टिश्यू, त्यावर जंतुनाशकाचे दोन थेंब म्हणजे बुरशी धरत नाही, आणि कोळी वर एका झाकणावर ठेवायचा, पाण्याला न लागेल असा. २४ ते ४८ तासांत सांधे सैल होतात. तुमची दोनच दिवस फ्रिजमध्ये आहे, तिला याची गरज पडू नये. चिमट्याने एक पाय हळूच हलवून बघा.

रेझिनप्रेमी

पारदर्शक रेझिनमध्ये ओतलं तर? किचेन बनवतात तसं. कायमचं टिकेल.

नमुनापेटी

ओल्या कोळ्याभोवती रेझिन ओतलं की आतला ओलावा अडकतो. रेझिन गढूळ होतं किंवा कोळी आतल्या आत काळा पडतो, शिवाय अंगावरच्या केसांत हवेचे बुडबुडे धरून बसतात. आधी पूर्ण सुकवावा लागतो, म्हणजे पोटाचा प्रश्न जिथल्या तिथेच. आणि एकदा ओतलं की दुरुस्ती नाही. या कोळिणीवर तरी हा प्रयोग नको.

खिडकीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो काढले. मुलाने स्वतः पट्टी शेजारी ठेवून काढले, मापासाठी.

पाय हलवून पाहिले, वाकतात. पण सोडला की परत आत जातो. हे असं का होतं? जिवंतपणी तर ती पाय किती लांब ताणून बसायची. बाटलीत ठेवायला माझी हरकत नाही, पण बाटलीत तळाशी गोळा होऊन पडलेली कोळीण त्याला नको आहे. "जशी बसायची तशी" ही त्याची एकच अट आहे.

आठपाय

पाय आत का जातात ते मी सांगतो, हा माझा फार आवडता विषय आहे.

आपल्या हाताला वाकवणारे स्नायू असतात आणि सरळ करणारेही. कोळ्याच्या पायांत दोन महत्त्वाच्या सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. पाय ताणायला तो डोकं-छातीचा भाग आकसून अंगातला द्रव दाबाने पायांत ढकलतो. मेल्यावर दाब संपतो, स्नायू आतल्या बाजूला ओढलेले राहतात, म्हणून मेलेला कोळी नेहमी मुठीसारखा मिटलेला दिसतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच वापरलं. मेलेल्या लांडगा-कोळ्याच्या (वुल्फ स्पायडर) डोकं-छातीत सुई बसवून हवा भरली की पाय उघडायचे, काढून घेतली की मिटायचे. त्या मिटलेल्या पायांनी कोळ्याच्या स्वतःच्या वजनाहूनही जड वस्तू उचलून दाखवली.

सिरिंजने द्रव भरून पाय उघडणारे हौशी लोक आहेत. ताई, तुम्ही करू नका. एवढ्या लहान अंगात थोडा जास्त दाब पडला तरी पोट फुटतं. पाय बाहेरूनच उघडा आणि कडक होईपर्यंत धरून ठेवा.

नमुनापेटी

म्हणजे दोन्ही रस्ते जोडता येतील. अल्कोहोलमध्ये नमुना काही दिवसांत ताठ होतो, आणि ज्या अवस्थेत ताठ होतो ती धरून ठेवतो. तेव्हा टाचण्या वापरा, पण कोळिणीच्या अंगात एकही घालू नका.

पसरट काचेच्या डब्यात मेणाचा बोटभर जाड थर ओतून गार होऊ द्या. थर्माकोल नको, तो तरंगतो. त्यावर ती पाठ वर करून ठेवा आणि कीटकवेडा यांनी सांगितल्यासारख्या तिरक्या टाचण्यांमध्ये एकेक पाय धरून फुली करा. घाई करू नका. पुढची जोडी आधी, मग मागची, मग उरलेल्या. तिसरी जोडी सगळ्यात आखूड असते, ती शेवटी. टाचण्या स्टेनलेसच हव्यात, साध्या टाचण्यांचा गंज अंगावर उतरतो. पोटाच्या खालच्या बाजूला अगदी बारीक सुईने दोन-तीन टोचे मारून ठेवा, नाहीतर अल्कोहोल आत पोचेपर्यंत आतून कुजायला लागतं. मग ती पूर्ण बुडेल इतकं ७० टक्के अल्कोहोल ओता आणि झाकण लावा. तुमच्याकडे ९५ टक्क्यांचं असेल तर ७४ मिलिलिटरमध्ये २६ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला. आयसोप्रोपिल ७० टक्क्यांचं मिळालं तरी चालेल. जखमेवर लावायचं स्पिरिट घेणार असाल तर लेबल वाचा, काहींत तेलं मिसळलेली असतात, ती नकोत. दोन दिवसांनी एकदा अल्कोहोल बदला, कारण तिच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं.

आठवड्याने टाचण्या काढा. काचेची अरुंद पट्टी घ्या, तिच्यावर कोळीण ठेवून बारीक पांढऱ्या दोऱ्याने दोन जागी हलकं बांधा: एकदा डोकं-छाती आणि पोट यांच्या मधल्या कमरेशी, एकदा मागच्या पायांच्या जोडीशी. पट्टी उभी बाटलीत सोडा, डोकं खाली. तशीच बसायची ना ती?

अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देव्हाऱ्यातला दिवा यांपासून लांब, खिडकी उघडून. ओतायचं काम तुमचं. पाय लावताना मुलगा शेजारी बसू दे.

रंगाबद्दल आत्ताच सांगून ठेवते. पांढरा पट्टा बराच टिकेल. तो ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या कणांमुळे असतो आणि ते अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत. पिवळा मात्र फिका पडेल. उन्हात ठेवलीत तर आणखी लवकर. डोकं-छातीवरची चंदेरी लवही बाटलीत दिसणार नाही, कारण ओले केस पारदर्शक होतात. ती गेलेली नसते, फक्त भिजलेली असते.

खिडकीकाठ

आज करून झालं. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दोन तास लागले. पहिल्या सहा पायांपर्यंत सगळं व्यवस्थित. सातव्याला, डाव्या बाजूच्या आखूड पायाला, माझा चिमटा जरा जोरात लागला आणि तो मधून तुटला. मला फार वाईट वाटलं. मुलाने तो तुकडा कागदावर घेतला आणि विचारलं, "हा चिकटवता येतो का?" मला माहीत नव्हतं.

पण फुली झाली आहे. खरंच तशीच दिसते आहे.

कीटकवेडा

सुका नमुना असता तर पांढऱ्या फेव्हिकॉलचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरला असता. द्रवात तो सुटेल. तुटलेला पाय टाकू मात्र नका, त्याच बाटलीत ठेवा. जुन्या नमुन्यांच्या बाटल्यांत असे सुटे पाय तळाशी असतातच, आणि ते त्याच कोळ्याचे आहेत म्हणून जपलेले असतात.

नमुनापेटी

लेबल विसरू नका. जाड कागदाचा छोटा तुकडा, त्यावर शिशाच्या पेन्सिलने लिहायचं आणि बाटलीच्या आत टाकायचं. बॉलपेनची शाई विरघळते, बाहेर चिकटवलेलं लेबल कधीतरी पडतं. कुठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणाला. मेली ती तारीख आणि पिशवी बांधली ती तारीख दोन्ही लिहा. तुमच्या मुलाच्या वहीत तारखा असतील तर त्या सोन्यासारख्या आहेत.

खिडकीकाठ

नऊ दिवस झाले. काल पट्टीवर बांधून बाटलीत सोडली. तुटलेला पाय तळाशी आहे. लेबल त्याने लिहिलं, तीन वेळा, कारण अक्षर बसत नव्हतं. "कोणाला मिळाली" याच्यापुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि मग खाली "आणि आई" असं जोडलं.

एक शंका राहिली. अल्कोहोल थोडं पिवळसर झालं आहे. बिघडतंय का?

नमुनापेटी

नाही. अंगातली चरबी आणि रंगद्रव्य उतरतंय. एकदा पूर्ण बदला, दोन महिन्यांनी पुन्हा बघा. पातळी कमी झाली तर वरून पाणी घालू नका. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, त्यामुळे उरलेलं आधीच पातळ झालेलं असतं. नवीन ७० टक्क्यांचंच भरा. झाकणाला आतून रबर असेल तर वर्षातून एकदा पाहिलं तरी पुरे.

आणि झुडपातली पिशवी तिथेच राहू द्या.

खिडकीकाठ

तिथेच आहे. तो रोज बघून येतो.