विशेष शिक्षकाची निवड दोन तासांत दोनशे प्रश्न सोडवून व्हावी का?

सरावपाठ
राज्याने ऑक्टोबर 2024 मध्ये अपंग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांची 4860 पदं मंजूर केली, प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक. काही पदं समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या कंत्राटी शिक्षकांच्या समायोजनात जातील. उरलेल्या जागांकडे विशेष डीएड-बीएड झालेली मुलं डोळे लावून बसली आहेत. त्यात 7 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना पदं जाहीर करून भरायला सांगितलं, त्यामुळे अभ्यासिकांमध्ये ही मंडळी आता जास्तच दिसतात.

पण अभ्यास कशाचा चाललाय? राज्यातली शिक्षक भरती पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून टीएआयटीच्या (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या) गुणांवर होते, म्हणून सगळ्यांच्या टेबलावर टीएआयटीची पुस्तकं. 200 प्रश्न, 120 मिनिटं, 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला. बैठक व्यवस्था, नातेसंबंध, आरशातली आकृती. आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी झालेली, बौद्धिक अक्षमता या विषयात बीएड केलेली मुलगी सहा-सहा महिने आकृत्या फिरवत बसते आणि मुलाला काय येतं हे तपासून आराखडा आखायची एफएसीपी ही सूची कपाटात पडून राहते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. या पदांसाठी वेगळी परीक्षा हवी आणि तिचे निम्मे गुण वर्णनात्मक पेपरला हवेत. त्यात असा प्रश्न असावा: नऊ वर्षांचा मुलगा, मध्यम बौद्धिक अक्षमता, तिसरीत दाखल. दोन शब्दांची वाक्यं बोलतो. शौचाला जायचंय हे सांगत नाही. वर्गात गोंगाट वाढला की कानावर हात ठेवून बाकाखाली जातो. घरी आजी सांभाळते. पहिल्या तीन महिन्यांचा आराखडा लिहा.

एक जण लिहील, "स्वच्छतेच्या सवयी निर्माण करणे." दुसरा लिहील, "मधल्या सुट्टीआधी चित्रकार्ड समोर ठेवल्यावर पाचपैकी चार वेळा स्वतः कार्ड उचलून शिक्षकाला देईल; आजीलाही तेच कार्ड घरी वापरायला शिकवू." या दोघांमधला फरक आत्ताच्या परीक्षेत कुठेच दिसत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये अपंगत्वाचे प्रकार किती, या प्रश्नाला दोघंही 21 म्हणतील आणि दोघांनाही गुण मिळतील.

मेरिटवाला
सर, तळमळ पोचली. पण तुम्ही मागताय त्याचा फटका कोणाला बसेल ते बघा. वर्णनात्मक पेपर म्हणजे तपासणाऱ्याच्या हातात पेन. त्याने सातऐवजी चार दिले तर दाद कुठे मागायची?

मी डीएड झालो तेव्हा एका संस्थेत जागा होती. मुलाखत छान झाली, पाठ छान झाला, आणि मग बाहेर व्हरांड्यात आकडा सांगितला गेला. वडील शेतमजूर. आम्ही घरी परत आलो. पवित्र पोर्टलवर "मुलाखतीशिवाय" हा पर्याय आला तेव्हा माझ्यासारख्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलाही नंबर लागू शकतो. बैठक व्यवस्थेच्या प्रश्नाचा मुलांना उपयोग नाही, मान्य. पण तो प्रश्न उमेदवाराची जात विचारत नाही, ओळख विचारत नाही. निम्मे गुण माणसाच्या मर्जीवर सोडायला माझा ठाम विरोध आहे.

आणि प्रात्यक्षिक तर पदवीतच होतं ना? सरावपाठ, केस स्टडी, शाळेतला अनुभव, हे सगळं आरसीआयच्या अभ्यासक्रमात आहे. पदवी दिली म्हणजे कौशल्य तपासलं. मग तेच पुन्हा कशाला?

स्वमग्न मुलाची आई
पदवीत तपासलं असतं तर आमच्या मुलाच्या शाळेत आलेल्या पहिल्या मॅडमनी त्याला "आधी माझ्याकडे बघ, मगच खाऊ" असं म्हणत हनुवटी धरून तोंड वर केलं नसतं. त्यांच्याकडे पदवी होती. नंतर दुसऱ्या आल्या. त्यांनी पहिले दहा दिवस त्याला काहीच शिकवलं नाही, त्याच्या शेजारी बसून तो जे चाकाचं खेळणं फिरवतो तेच फिरवत राहिल्या. अकराव्या दिवशी त्याने स्वतःहून चाक त्यांच्याकडे सरकवलं. ही समज परीक्षेत कशी शोधायची ते मला ठाऊक नाही. पण शोधायलाच नको असं कोणी म्हटलं तर राग येतो.

सरावपाठ
मेरिटवाला, तुमच्या व्हरांड्यातल्या आकड्याबद्दल मला तुमच्याइतकीच चीड आहे. म्हणूनच मी संस्थेतली मुलाखत मागितलेली नाही, राज्यपातळीवर कोड नंबर टाकून तपासलेला लेखी पेपर मागितलाय. दोन्ही एका मापाने मोजू नका.

वस्तुनिष्ठ पेपर म्हणजे स्वच्छ पेपर, हेही आपल्या राज्यात धरून चालता येत नाही. 2021 च्या अखेरीस टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) घोटाळा उघडकीस आला. सात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल पैसे घेऊन फिरवल्याचं निघालं, आणि ती परीक्षा चार पर्यायांचीच होती. चोरी व्यवस्थेत होते. ती रोखायला व्यवस्था नीट करावी लागते, प्रश्न सोपे करून भागत नाही.

केंद्रीय विद्यालय संगठनाच्या 2022 च्या शिक्षक भरतीत लेखी परीक्षेला 70 टक्के भारांक होता, प्रात्यक्षिक अध्यापनाला 15 आणि मुलाखतीला 15. देशभरातल्या उमेदवारांनी तिथे पाठ घेऊन दाखवले. आपल्याकडेच ते अशक्य का?

फिरता शिक्षक
मी समग्र शिक्षात कंत्राटावर आहे, त्यामुळे परीक्षा हा विषयच आमच्या जखमेवरचा. न्यायालयाने वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांसाठी छाननी समिती सांगितली आहे आणि ते योग्यच आहे. त्यावर इथे वाद नको. नव्या मुलांबद्दल मात्र बोलतो.

तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. हे पद केंद्राला एक आहे. केंद्रात डझनभर शाळा. विशेष बीएड होते एका विषयात: कुणी कर्णदोषाचं, कुणी दृष्टिदोषाचं, कुणी बौद्धिक अक्षमतेचं. गावात मुलं मात्र तुमच्या विषयानुसार जन्माला येत नाहीत. माझा विषय कर्णदोष. सोमवारी ज्या शाळेत जातो तिथे ऐकू न येणारी मुलगी आहे. तिचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) मी झोपेतही वाचेन, श्रवणयंत्राचा कानातला साचा सैल झालाय हे शिट्टीच्या आवाजावरून कळतं. मंगळवारच्या शाळेत पूर्ण अंध मुलगा आहे. त्याच्यासाठी मी ब्रेल आणि टेलर फ्रेम (अंधांची गणिताची पाटी) नोकरीत आल्यावर शिकलो, तेही एका अंध शिक्षकाच्या घरी जाऊन. बुधवारी सेरेब्रल पाल्सीची मुलगी, तिला घरी जाऊन शिकवायचं. तिथे पहिला प्रश्न अक्षराचा नसतो, तिला बसवायचं कसं हा असतो.

2022 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत पहिली ते पाचवीला दहा मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक म्हटलंय. ती दहा मुलं दहा प्रकारची असू शकतात. म्हणून माझं मत तिसरंच आहे. पेपर वस्तुनिष्ठच ठेवा, पण बुद्धिमत्ता चाचणी काढा आणि सगळ्या अपंगत्वांवर प्रश्न टाका. तयारी करणाऱ्यांनाही तेच सांगतो. स्वतःचा विषय सोडून बाकीच्यांवर जास्त वेळ द्या. कर्णदोषवाल्याने ब्रेलचे सहा टिंब शिकावेत, दृष्टिदोषवाल्याने भारतीय सांकेतिक भाषेतली रोजची शंभर-दोनशे चिन्हं. त्याला क्लास लागत नाही, फोनवर व्हिडिओ आहेत.

स्क्रीनरीडर
मी स्वतः पूर्ण अंध उमेदवार, दृष्टिदोष विषयात विशेष बीएड. इथे आकृत्यांची चर्चा चाललीय म्हणून लिहितो. आरशातली आकृती, पाण्यातली आकृती, घडी घातलेला कागद उलगडल्यावरचा आकार, हे प्रश्न लेखनिक मला शब्दांत वाचून दाखवतो. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, पण ती सगळी वर्णन ऐकण्यातच जातात. अंध मुलांना शिकवायला सर्वात लायक असलेला माणूस अंध मुलांच्याच शिक्षकाच्या भरतीत आकृत्यांमुळे मागे पडतो. मेरिटवाला, तुम्ही म्हणता तो प्रश्न जात विचारत नाही. पण माझे डोळे विचारतो.

सरावपाठ सर, तुमच्या वर्णनात्मक पेपरचीही मला धास्ती आहे. लिहिणार लेखनिक. त्याला "सहअध्यायी आधार" किंवा "पूर्वघटना" हे शब्द माहीत नसतील तर माझा आराखडा त्याच्या शुद्धलेखनावर जाईल. मला संगणकावर स्वतः टंकलेखन करू द्या, मराठी आवाजासह, मग मी तुमच्या बाजूने.

मेरिटवाला
स्क्रीनरीडर, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. आकृत्यांचे प्रश्न या भरतीतून जायलाच हवेत, त्यावर मी तुमच्यासोबत निवेदनावर सही करतो.

पण त्यावरून चार पर्यायांचा प्रश्नच कुचकामी ठरत नाही. सरावपाठ सर, हा प्रश्न बघा: गणिताची वही काढली की मुलगा किंचाळतो. शिक्षिका त्याला दर वेळी वर्गाबाहेर बसवतात. दोन आठवड्यांत किंचाळणं वाढलंय. आधी काय कराल? एक, बाहेर बसवण्याचा वेळ वाढवाल. दोन, पालकांना बोलवाल. तीन, गणित दोन उदाहरणांपुरतं लहान करून ते झाल्यावर सुटी द्याल. चार, किंचाळण्याकडे दुर्लक्ष कराल. जो वर्तन कशासाठी होतंय हे तपासायला शिकलाय, त्याला लगेच कळेल की बाहेर जाणं हेच त्या मुलाचं बक्षीस झालंय. तो तिसरा पर्याय निवडेल. पाठांतरवाला पहिल्यावर किंवा दुसऱ्यावर जाईल. असे शंभर प्रश्न काढा. तपासायला यंत्र, उत्तरतालिका सगळ्यांसमोर, आक्षेप घ्यायला मुदत. कौशल्यही तपासलं जातं आणि कुणाची मर्जीही लागत नाही.

सरावपाठ
प्रश्न खरोखर उत्तम आहे. माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच देणार. पण चारातून एक ओळखणं आणि कोऱ्या कागदावर स्वतः सुचवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रशाळेत त्या बाईंसमोर कोणी चार पर्याय ठेवणार नाही. तिसरा पर्याय तुम्ही लिहून दिलात म्हणून उमेदवाराला दिसला.

पदवीत तपासलंय म्हणता, त्यावरही बोलतो. मी अंतिम वर्षाच्या केस स्टडी तपासतो. मुलाचं नाव बदललेलं, बाकी मजकूर मागच्या बॅचचा, अशा वह्या दर वर्षी येतात. एका वहीत मुलगी पाचव्या पानावर मुलगा झाली होती. त्या विद्यार्थिनीला दोष देत नाही. तिला सरावासाठी जी शाळा दिली तिथे आठवड्यातून दोनच दिवस मुलं यायची. पण म्हणूनच नोकरीच्या दारात एकदा तरी तिने स्वतःच्या शब्दांत आराखडा लिहून दाखवायला हवा.

तयारी करणाऱ्यांना सांगतो, परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. रोज रात्री एक मूल घ्या, ओळखीचं, शेजारचं, सरावपाठातलं. त्याला आज काय येतं ते चार ओळींत लिहा, आणि पुढच्या महिन्यात मोजता येईल असं एकच ध्येय. शर्टाचं बटण लावण्याच्या पायऱ्या पाडा आणि शेवटच्या पायरीपासून शिकवायला घ्या, म्हणजे मुलाला पहिल्याच दिवशी बटण लागल्याचा आनंद मिळतो. यातून मेरिटवाला यांच्या पद्धतीचे प्रश्नही आपोआप सुटू लागतात.

फिरता शिक्षक
सर, वर्णनात्मक पेपर तपासायचे म्हणजे निकालाला किती महिने? जून उजाडला की शाळा सुरू. माझ्या शेजारच्या केंद्रात आत्ता कोणीच नाही. तिथल्या मुलांना उत्तम परीक्षेची वाट बघायला लावायची का?

स्वमग्न मुलाची आई
दादा, वाट आम्ही तशीही बघतोय. घाईत आलेला चुकीचा माणूस पुढची तीस वर्षं त्याच केंद्रात राहतो, हेही धरा.

मेरिटवाला
ताई, तुमच्यापुढे वाद घालायची इच्छा होत नाही, तरी माझी अट सांगून ठेवतो. पेपरवर नावाऐवजी कोड, दोन स्वतंत्र तपासनीस, त्यांच्या गुणांत ठरावीकपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत प्रत्येक उमेदवाराला पोर्टलवर. हे जाहिरातीतच लेखी आलं तर 20 टक्के गुणांच्या वर्णनात्मक पेपरला माझा विरोध नाही. निम्म्या गुणांना आहे आणि राहील. सरावपाठ सर, 20 वर तुम्ही तयार असाल तर निवेदनाचा मसुदा मी लिहायला घेतो. आकृत्यांचा मुद्दा त्यात पहिला.

सरावपाठ
30 म्हणा. आणि संगणकावर मराठी आवाजासह टंकलेखनाची सोय हा मुद्दा दुसरा. मसुदा पाठवा.